पाण्यात टिकलं, सुकीवर लोंबलं: डोंग्याच्या बुडाची गोष्ट

आमच्या पवनीकडे वैनगंगेच्या काठावर मामाचा फळ्यांचा जुना डोंगा दोन उन्हाळे पडून होता, खाली फक्त दोन ओंडके, एक पुढं एक मागं, मधलं सगळं अधांतरी. सूत ताणून पाहिलं तर बुडाला मधोमध ४ सेंटीमीटरचा झोल, जुन्या बाजेसारखा. मामा म्हणे, "पाण्यात इतकी वर्षं काई झालं नाई, अन् सुकीवर ठेवला तं पोट सुटलं!"

बरोबरच आहे ना. पाण्यात असताना नदी बुडाला सगळीकडून खालून उचलून धरते, जमिनीवर तेच वजन दोन ओंडक्यांवर येतं. लाकडावर सतत भार राहिला की ते हळूहळू वाकत जातं आणि भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही, याला क्रीप म्हणतात. त्यात आपला उन्हाळा ४५ डिग्रीचा आणि मग पावसाळा. भाराखालचं लाकूड असं ओलं-सुकं होत राहिलं तर अजूनच जास्त वाकतं.

मी शहाणा, गाडीचा जॅक लावला आणि एका दमात ३ सेंटीमीटर उचलायला गेलो. कट्‌ असा आवाज आला आणि डोंग्याची एक फासळी, म्हणजे फळ्यांना आतून धरणारं आडवं लाकूड, तडकली. सुकलेलं लाकूड कडक, त्याला लवायला वेळच दिला नाही. मामा काहीच बोलला नाही, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं.

मग रीतीनं केलं. बुडाला ओली पोती गुंडाळली, कारण ओलाव्यानं लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा डिंक समजा, थोडा सैल होतो (वाफ दिली तर फारच). जॅक फळीखाली नाही, तीन-चार फासळ्यांना आडव्या टेकणाऱ्या जाड दांडीखाली, आणि दर दोन दिवसांनी ५ मिलिमीटर, पाचर ठोकून थांबायचं. जॅक काढल्यावर लाकूड थोडं परत बसतं म्हणून सुताच्या वर जरासं जास्तच उचललं. तडकलेल्या फासळीला बाजूनं सागाची नवी जोड दिली. जुन्या लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग होते, लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचं ते काम, तिथलं लाकूड नखानं उकरलं तरी निघत होतं, म्हणून नवे खिळे तांब्याचे घेतले, महाग पडले पण काय करता.

राहिल्या फटी. लाकूड सुकताना लांबीत जवळपास आटतच नाही, आटतं ते रुंदीत, म्हणून फळी जागेवरच राहते आणि शेजारणीपासून सुटते. घरच्याच कापसाची वात वळून फटीत दाबली, वरून डांबर. पण ठासून भरायचं नाही हां, पाण्यात फळी फुगली की तिला जागा लागते, नाहीतर ती खिळेच उपटते.

पाण्यात सोडला तेव्हा पहिल्या दिवशी बदाबदा गळला, मामा डब्यानं उपसत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा तळाला नुसता खरवडत होता.