दुपारी दमणारं मशीन

मे महिन्यात आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइनचं खोदकाम चालू होतं. गल्ली एवढी अरुंद की जेसीबी शिरत नाही, म्हणून तीन टनी मिनी पोकलेन आणलेलं. (पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं एक्सकॅव्हेटर पोकलेनच, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा.) सकाळी धडाधड खोदायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बूम, म्हणजे मशीनचा मुख्य मोठा हात, उचलताना रडायचं. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "काका, सकाळी वाघ असतंय, दुपारी मांजर होतंय." मेकॅनिकने फोनवरच निदान केलं होतं, पंप गेला, आणि मालक लाखाच्या खर्चाने हबकून बसलेला. केबिनला लिंबू-मिरची बांधून झाली होती, शिवाय कुणीतरी "तेलाची ताकद वाढवणारी" बाटली पण टाकीत ओतलेली. माझ्या मते दोन्हींचा उपयोग सारखाच, फक्त लिंबू स्वस्त.

हा बूम सिलिंडरमधल्या तेलाच्या दाबाने उचलला जातो, तेव्हा आता शाळेतला पास्कल आठवा. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो. सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास ८० मिमी धरला तर क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंमी, आणि तेलाचा दाब २०० बार असला तर ढकलण्याचा जोर जवळपास १० टन. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून २०० म्हणजे काय याचा अंदाज करा. म्हणूनच होजमधून (तेलाच्या रबरी पाईपमधून) बारीक फवारा उडत असेल तर तिथे बोट लावून बघायचं नाही, पुठ्ठा धरायचा. सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, तडक मोठं हॉस्पिटल.

पण एक गोष्ट शाळेत कुणी नीट सांगत नाही. पंप दाब बनवत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे अडथळा असला तर. गार्डनच्या पाईपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं, त्यात वरच्या टाकीने जादा जोर लावलेला नसतो. त्यामुळे दाब चढत नाही म्हटलं की पंपच गेला असं होत नाही, तेल वाटेत कुठेतरी चोरवाटेने परत टाकीत जात असेल तरी तेच दिसणार. ही चोरी बाहेर टिपकत नाही म्हणून कुणाला कळत नाही, आणि मग रिलीफ व्हॉल्वचा (जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू पिळायचे उद्योग सुरू होतात, ज्याने गळती थांबत नाही पण होज फुटू शकतो.

चोरवाट म्हणजे फट. व्हॉल्वच्या आतला दांडा, पंपाचे पिस्टन, सगळीकडे काही मायक्रॉनची फट मुद्दाम ठेवलेली असते, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. पातळ फटीतून किती तेल जाईल याचं गणित मला जाम आवडतं, कारण ते फटीच्या रुंदीच्या घनावर चालतं. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट. दीडपट झाली तरी सव्वातीनपटीच्या वर. मशीन वर्षभर बरं चालतं आणि मग "अचानक" बसतं असं वाटतं ते यामुळे.

दुसरी भानगड तेलाच्या घट्टपणाची. थंडीत साजूक तूप चमच्याने खरवडावं लागतं आणि मे महिन्यात ते पाण्यासारखं ओघळतं, तसंच हे. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या ४६ नंबरच्या हायड्रोलिक ऑईलमधला ४६ हा आकडा ४० अंशाला त्याचा घट्टपणा किती ते सांगतो. तेच तेल ८० अंशाला गेलं की जवळपास चौपट पातळ होतं, म्हणजे त्याच फटीतून गळती चौपट. आणि गंमत पुढे आहे. २०० बारचं तेल काहीच काम न करता फटीतून निसटलं की त्याच्यातली सगळी ऊर्जा उष्णता होते, दर लिटरला २० किलोज्यूल, आणि ते तेल एका फेरीत साधारण १२ अंशांनी तापतं. मिनिटाला दहा लिटर असं निसटलं तर सव्वातीन किलोवॅट, म्हणजे बाथरूममधला ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर टाकीत चालू ठेवल्यासारखं. गळतीने तेल तापतं, तापल्याने पातळ होतं, पातळ झाल्याने अजून गळतं. झालं, दुपारचं मांजर तयार.

म्हणजे चोर पकडायचा तर गरम कुठे लागतंय ते बघायचं. माझ्याकडे लांबून तापमान मोजायची गन होती, ती घेऊन गेलो. त्याआधी पोराला विचारलं की फक्त बूमच दमतो की सगळंच. म्हणाला आर्म (बूमच्या पुढचा हात), बकेट, स्विंग (मशीनचं गोल फिरणं) ठीक. या मशीनमध्ये बूम आणि एका बाजूची चेन एकाच पंपावर होती, ती चेन उचलून फिरवली, मग मशीन चढावर नेलं, कुठेच कुरकूर नाही. पंप निर्दोष सुटला. मग दुपारी तीनला गन लावली, आर्मचा सिलिंडर ६१ अंश, बूमचा ७८.

मी म्हटलं पिस्टनचं सील, म्हणजे पिस्टनच्या कडेने तेल जाऊ न देणारी रिंग, गेलंय. पोरगा हुशार, म्हणाला, "काका, सील गेलं असतं तर इंजिन बंद केल्यावर बूम खाली आला असता की, हा तर हळूच जरासा बसतोय." बरोबर शंका, आणि भले भले इथे फसतात. लिव्हर मधोमध असताना व्हॉल्व सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद करतो. पिस्टनचा दांडा १ सेंमी आत यायचा तर पिस्टनखालचं ५० सीसी तेल वर जायला हवं, पण वर पाव जागा दांड्यानेच अडवलेली, ४० मिमीचा दांडा धरला तर वर जागा फक्त ३८ सीसीची. उरलेलं १२ सीसी जाणार कुठे? तेल दाबून लहान होत नाही फारसं. त्यामुळे सील पूर्ण फाटलेलं असलं तरी बूम लटकून राहतो, फक्त आतला दाब जवळपास चौपट होतो, कारण वजन आता दांड्याच्या क्षेत्रफळावर आलं. तो वाढलेला दाब व्हॉल्वच्या फटीतून थोडं थोडं तेल रेटतो, म्हणून हळूच बसतो. (हे एकदा कागदावर काढून बघा, मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.)

खात्री करायला बूम पूर्ण वर नेऊन खाली भक्कम टेका दिला, इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब उतरवला, दांड्याच्या बाजूचा होज काढून त्याला बूच मारलं. मग इंजिन चालू करून लिव्हर हलकेच बूम-अपला. सील धड असेल तर उघड्या तोंडातून थेंबभर तेल यायचं. इथे करंगळीएवढी धार लागली, बादली भरायला आली तेव्हा पोराने लिव्हर सोडला.

सिलिंडर उघडला तर सीलला एका बाजूने खाच पडलेली, आणि नळीत बारीक ओरखडा, नखाला लागेल एवढा. दांड्याच्या तोंडाशी धूळ अडवणारी रबरी रिंग आधीच वाळून तडकलेली होती, तिथून वाळूचा कण आत गेला असणार. नळी घासून घेतली, सील किट बदललं, बाटलीवालं तेल सगळं काढून नवीन भरलं, फिल्टर बदलला. पंपाच्या कोटेशनच्या दहाव्या हिश्श्यातही खर्च गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता परत गन लावली, दोन्ही सिलिंडरमध्ये दोन अंशांचा फरक. पोराने गन मागून घेतली आणि पुढचा अर्धा तास चहा, केबिनचा पत्रा, मालकाचं टक्कल असं सगळं मोजत बसला.