जिन्याचं दार उघडं ठेवल्यानं धूर निघून जात नाही

"आग लागली की जिन्याची दारं सताड उघडा, धूर वर निघून जाईल." सांगली-मिरजेत उंच इमारती उभ्या राहू लागल्या, तसा हा सल्लाही सोसायट्यांत फिरतो आहे. तो घातक आहे.

धूर वर जातो हे खरं, पण जातो कुठून? जिन्यातूनच. गरम धूर हलका असतो. दार उघडं सापडलं की जिना धुराड्यासारखा त्याला वर ओढतो. मग दुसऱ्या मजल्यावरची आग सातव्या मजल्यावरच्यांची वाट अडवते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्वाळा पोहोचण्याआधीच माणसाला बेशुद्ध करतो.

बऱ्याच उंच इमारतींत बंदिस्त जिन्यात पंख्यानं बाहेरची स्वच्छ हवा भरतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 50 पास्कल जास्त असला की फटींतून हवा बाहेर पडते, धूर आत येत नाही. दोन चौरस मीटरच्या दारावर हा दाब सुमारे 10 किलोचा जोर देतो, म्हणून पंखा चालू असताना दार जड लागतं. ते बिघडलेलं नसतं! पण एरवीही ये-जा सोपी व्हावी म्हणून त्याखाली वीट सरकवलेली असते, क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद करणारी यंत्रणा, काढून टाकलेला असतो. एकाच वेळी बरीच दारं उघडी राहिली की दाब टिकत नाही.

जुन्या तीन-चार मजली इमारतींत जिन्याला थेट बाहेर उघडणाऱ्या खिडक्या असतात. त्या मात्र मोकळ्याच हव्यात. पत्रे ठोकून बंद करू नका.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा पंखा चालवून दाखवायला सांगाच.