लेकराचं डोसाचं कार्ड सोबत आणा
(आमच्या मेडिकल स्टोअरकडून बीड जिल्ह्यातल्या आई-बापांसाठी)

गावात लसीकरणाचा दिवस असला की संध्याकाळी काउंटरवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "डोस दिलाय, अंग तापलंय, काहीतरी द्या." आम्ही विचारतो, कोणता डोस? "मांडीतला." आता मांडीत पेंटाही टोचतात आणि न्यूमोनियाची पीसीव्हीही. कार्ड मात्र घरी, पेटीत, साडीच्या घडीखाली. म्हणून हा कागद छापला.

कार्डावरची नावं

जन्मल्यावर क्षयाची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ बची लस. कावीळीची ही लस २४ तासांच्या आतच द्यायची असते. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा, पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटा. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एक लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. हिब हे नाव सहसा कुणी ऐकलेलं नसतं. लहान लेकरांत न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा तो जंतू आहे. पीसीव्ही आणि पोलिओचं इंजेक्शन दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाची एमआर. १६ ते २४ महिन्यांत एमआरचा दुसरा डोस आणि बूस्टर, पाच-सहा वर्षांना आणखी एक बूस्टर. १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी असते, ती बहुतेकांच्या ध्यानातच राहत नाही. हे सगळं सरकारी केंद्रात फुकट आहे. त्यासाठी आमच्याकडे पैसे खर्च करू नका.

बीसीजीच्या जागी दोन-चार आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वण राहतो. तो तसाच यायचा असतो. हळद, चुना, मलम काही लावू नका.

कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या पुढेमागे ट्रॅक्टरवर भांडी चढतात, सरपण चढतं, कार्ड तेवढं घरी राहतं. मग कारखान्यावर आरोग्य सेविकेनं विचारलं की कुणालाच काही आठवत नाही. निघण्याआधी दुकानात या, झेरॉक्स फुकट काढून देतो. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नाव असेल तर तोच मोबाइल नंबर चालू ठेवा.

डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पेंटाचा पहिला डोस घेऊन सहा महिने उलटले तरी पुढचा दुसराच, फक्त दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. पेंटाची सुरुवात एक वर्षापर्यंत करता येते, एमआर पाच वर्षांपर्यंत देतात. "आता उशीर झाला, सेविका रागावेल" म्हणून घरी बसणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. ताई, रागावली तर रागावू द्या, पण जा.

तापाचं औषध: इथं चूक होते

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येणं, मांडी सुजणं नेहमीचंच. त्याला पॅरासिटामॉल चालतं. पण ड्रॉप्स आणि सिरप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉप्सच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. १२० च्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढंच औषध असतं. म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. अर्धा मिली ड्रॉप्स आणि दोन मिली सिरप जवळपास सारखे. थोरल्या लेकराला सिरप दोन मिली दिलं होतं म्हणून धाकट्याला ड्रॉप्स दोन मिली दिले तर चौपट औषध पोटात जातं. त्यात २५० चं सिरपही येतं, तेही वेगळंच. बाटलीवरचा आकडा पाहा. प्रमाण वयावर नाही, वजनावर ठरतं. दुकानात काटा आहे, लेकराला घेऊन या. दीड महिन्याच्या बाळाला मात्र डॉक्टरांना किंवा सेविकेला विचारल्याशिवाय काही देऊ नका. दोन वेळांत सहा तासांचं अंतर ठेवा. डोसाच्या आधीच "ताप येऊ नये म्हणून" पाजू नका. आणि घरातली मोठ्यांची निमेसुलाइडची (ताप-दुखण्यावरची) गोळी अर्धी करून तर मुळीच नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती २०११ पासून बंद आहे.

लेकरू तीन तासांहून जास्त एकसारखं रडतंय, झटके आले, अंग ढिलं पडलं, श्वास लागला, तर दुकानात येऊ नका. थेट दवाखाना, नाहीतर १०८.

खोक्यातला कागद आणि मोबाइलवरचे मेसेज

लसीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचून घाबरलेले बाप आमच्याकडे येतात. वाचता, हे चांगलंच. फक्त प्रत्येक त्रासाआधी कोणता शब्द आहे ते बघा. "फार सामान्य" म्हणजे दहांतल्या एका लेकराला किंवा जास्तांना. "अति दुर्मीळ" म्हणजे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. यादीत दोन्ही एकाखाली एक असतात, म्हणून सारखेच वाटतात. जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखादी. तिच्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात. एसटी चुकली तरी बसा.

एमएमआरनं (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीनं) स्वमग्नता म्हणजे ऑटिझम होतो हा मेसेज अजून फिरतो. त्याचं मूळ १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या १२ मुलांवर लिहिलेला एक लेख. छापणाऱ्या मासिकानं तो २०१० मध्ये मागे घेतला. मागे घेतल्याचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

लस आमच्याकडून नेताना

कांजिण्या, टायफॉइडसारख्या लसी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात पिशवीत टाकून दुचाकीवर नेली तर तिचा भरवसा नाही. पण बर्फाला चिकटवूनही नेऊ नका, कारण गोठली की पेंटा, कावीळ ब यांसारख्या लसी वाया जातात. आमचा डबा घेऊन जा, नंतर परत आणा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, लाइटचा काय नेम. डॉक्टरांकडं पोचल्यावर कार्डावर नोंद करून घ्या आणि रिकामं खोकं तोवर फेकू नका; बॅच नंबर त्याच्यावरच असतो.