पत्रकबाजी फक्त ह्यूगनॉटांची नव्हती

फ्रान्समधल्या धर्मयुद्धांबद्दल (१५६२–९८) एक समज घट्ट बसलाय: छापखाना प्रोटेस्टंटांचा, म्हणजे ह्यूगनॉटांचा, आणि कॅथलिकांकडे फक्त चर्चमधली प्रवचनं. अर्धं खरं आहे. १५७२च्या सेंट बार्थोलोम्यू हत्याकांडात हजारो ह्यूगनॉट मारले गेले, त्यानंतर ‘जुलमी राजाला विरोध करता येतो’ हे ह्यूगनॉटांनीच हिरिरीने मांडलं. पण १५८४मध्ये राजा तिसऱ्या आँरीचा धाकटा भाऊ वारला, प्रोटेस्टंट आँरी ऑफ नाव्हार गादीचा वारस ठरला आणि पारडंच फिरलं. आता तोच युक्तिवाद कॅथलिक लीगने (कट्टर कॅथलिकांच्या संघटनेने) उचलला, तोही जास्त तिखट भाषेत.

डिसेंबर १५८८मध्ये तिसऱ्या आँरीने ब्लुआच्या राजवाड्यात लीगचे पुढारी असलेल्या गीझ बंधूंना मारवलं. मग पॅरिसमध्ये पत्रकांचा नुसता पूर आला. राजाच्या ‘आँरी द व्हालुआ’ या नावातली फ्रेंच अक्षरं उलटीपालटी करून लीगवाल्यांनी ‘नीच हेरोद’ (हेरोद म्हणजे बायबलमधला जुलमी राजा) असं नाव पाडलं; अक्षर एकही कमी-जास्त नाही! (चावटपणालाही अक्कल लागते.) ऑगस्ट १५८९मध्ये राजाला भोसकणारा झाक क्लेमाँ हाही कॅथलिक साधूच.

हे कागद आज पाहायला मिळतात त्याचं बरंच श्रेय पिएर द लेत्वाल या पॅरिसच्या रोजनिशीकाराला. लीग त्याला बिलकूल आवडत नसे, तरी तिची पत्रकं आणि चित्रं तो जमवून वहीत चिकटवत राहिला.