पोलिसांच्या हातून झालेले मृत्यू आणि सरकारी वकिलाचे उत्तरदायित्व (अमेरिका)

अमेरिकेत पोलिसाच्या हातून कुणी मारले गेले, तर त्या पोलिसावर खटला भरायचा की नाही हे सहसा काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) मुख्य सरकारी वकील ठरवतो. बहुतेक राज्यांत हा वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, लोकांनी मतदानाने निवडलेला असतो. त्याने पुरावा दडपला, ज्युरीला चुकीचा कायदा सांगितला, प्रकरण मुद्दाम रेंगाळत ठेवले किंवा आरोपी पोलिसाला वाट करून दिली, तर त्याला जाब कोणी विचारायचा, हा तिथला जुना आणि आजही न सुटलेला प्रश्न आहे. या वकिलाचे रोजचे कामच पोलिसांवर चालते. तपास पोलिसांचा, साक्षी पोलिसांच्या. आज ज्याच्या साक्षीवर खटला जिंकायचा, त्याच्याच सहकाऱ्याला उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, अशी ही अवघड जागा आहे.

भारतीय वाचकाला एक फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे पोलिसांनी ‘समरी’ लावून फाईल बंद केली, तरी मृताचे नातेवाईक दंडाधिकाऱ्यापुढे खासगी फिर्याद करू शकतात. अमेरिकेत ही वाट जवळजवळ बंद आहे. दुसऱ्यावर खटला भरला जावा की नाही यात खासगी नागरिकाचा न्यायालयाने दखल घ्यावा असा हितसंबंध नसतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ‘लिंडा आर. एस. विरुद्ध रिचर्ड डी.’ या प्रकरणात म्हटले. सरकारी वकिलाने दार लावले की कुटुंबापुढे उरतो तो मुख्यतः नुकसानभरपाईचा दिवाणी दावा, आणि तोही पोलीस व शहर प्रशासनाविरुद्ध.

खुद्द वकिलावर दावा करता येत नाही. ‘इम्बलर विरुद्ध पॅक्टमन’ (१९७६) या निकालाने खटला दाखल करणे आणि न्यायालयात चालवणे या कामांसाठी सरकारी वकिलाला दिवाणी दाव्यांपासून संपूर्ण संरक्षण दिले. त्याने वाईट हेतूने काम केले असले तरी हे संरक्षण टिकते. १९९३ च्या ‘बकली विरुद्ध फिट्झसिमन्स’ निकालाने तपासाच्या टप्प्यातील कामांना इतके कवच नाकारले, पण खटल्याच्या कामाचे कवच तसेच राहिले. दाव्यांची भीती असेल तर वकील निर्भयपणे काम करणार नाही, हे त्यामागचे कारण. जनता हतबल राहणार नाही, कारण फौजदारी कायदा आणि वकिलांची शिस्तपालन यंत्रणा आहेच, अशी ग्वाहीही इम्बलर निकालात आहे. प्रत्यक्षात हे दोन्ही उपाय क्वचितच वापरले गेले. वापरले गेले तेव्हा बहुधा आरोपीवर अन्याय झाला होता. ड्यूक विद्यापीठाच्या खेळाडूंवरील खोट्या आरोपांच्या प्रकरणात माइक नायफाँग या वकिलाची सनद २००७ मध्ये गेली. टेक्सासात केन अँडरसन याला मायकेल मॉर्टनला निर्दोष ठरवू शकेल असा पुरावा दडपल्याबद्दल २०१३ मध्ये दहा दिवसांची कैद झाली. मॉर्टनने जवळजवळ पंचवीस वर्षे तुरुंगात काढली होती.

खरी मेख इथेच आहे. सरकारी वकिलाचा गैरव्यवहार म्हणजे आरोपीवरचा अतिरेक, असे गृहीत धरून ही सारी व्यवस्था उभी आहे. आरोपीला अनुकूल पुरावा त्याच्या हाती दिलाच पाहिजे, हा १९६३ चा ‘ब्रेडी’ नियमही त्याच दिशेने पाहतो. पोलिसाच्या गोळीने माणूस मरतो तेव्हा वकिलाची चूक उलट्या बाजूला असते. तो आरोपीवर अति करत नाही, त्याला झाकतो. अशा वेळी आरोपी तक्रार करणार नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो जिवंत नसतो.

झाकण्याची सोयीची जागा म्हणजे ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवावा की नाही हे ठरवणारा नागरिकांचा गट. तिचे कामकाज गुप्त चालते. न्यायाधीश आणि बचावाचा वकील समोर नसतात, आणि काय दाखवायचे ते सरकारी वकील ठरवतो. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये पोलीस अधिकारी डॅरेन विल्सनने अठरा वर्षांच्या मायकेल ब्राउनला गोळ्या घातल्या. काउंटीचे सरकारी वकील रॉबर्ट मॅकलॉक यांनी कोणत्याही आरोपाची शिफारस न करता साऱ्या साक्षी ज्युरीपुढे ठेवल्या. पोलिसी बळाविषयीचा राज्याचा जो कायदा ज्युरीच्या हाती सुरुवातीला दिला गेला, त्याचा काही भाग १९८५ च्या ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ निकालाशी, म्हणजे पळणारा संशयित धोकादायक नसेल तर त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येत नाही या नियमाशी, विसंगत होता. काही साक्षीदार उघड खोटे बोलले, हे मॅकलॉक यांनी नंतर स्वतःच सांगितले. विल्सनवर आरोप ठेवला गेला नाही. फेडरल न्याय खात्यालाही २०१५ मध्ये, आणि मॅकलॉक यांच्या जागी आलेल्या वेस्ली बेल यांनाही २०२० मध्ये, खटला उभा राहण्याइतका पुरावा दिसला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण शेवट तोच झाला असता म्हणून वाट सरळ होती असे होत नाही.

केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये २०२० साली पोलिसांच्या गोळीने झालेल्या ब्रिओना टेलर हिच्या मृत्यूनंतर ग्रँड ज्युरीच्या सदस्यांनीच मौन मोडले. न्यायाधीशाची परवानगी मिळाल्यावर त्यांनी सांगितले की हत्येचे आरोप आमच्यासमोर ठेवलेच गेले नव्हते. हे प्रकरण हाताळणारे केंटकीचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल (राज्याचे सर्वोच्च कायदा अधिकारी) डॅनियल कॅमेरॉन यांच्याविरुद्ध महाभियोगाचा अर्जही झाला, पण तो विधिमंडळात टिकला नाही.

सरकारी वकिलावरच फौजदारी खटला झाल्याचे दुर्मीळ उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये तिथे एका पोलीस सार्जंटने एडसन थेवेनिन याला ठार मारले. निःशस्त्र माणसाच्या मृत्यूचा तपास राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे जावा, असा गव्हर्नरांचा आदेश २०१५ पासून लागू होता. तरी रेन्सेलर काउंटीचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी जोएल अॅबेलोव्ह यांनी काही दिवसांतच प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे नेले. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देणाऱ्याला त्या प्रकरणात खटल्यापासून आपोआप संरक्षण मिळते, त्याने ते संरक्षण आधी लेखी सोडून दिले नसेल तर. सार्जंटकडून असे लिहून न घेताच त्याची साक्ष झाली. एका साक्षीने राज्याच्या न्यायालयातला पुढचा मार्ग संपला. डिसेंबर २०१७ मध्ये अॅबेलोव्ह यांच्यावर पदाचा गैरवापर आणि खोटी साक्ष असे आरोप ठेवले गेले. न्यायाधीशाने ते रद्द केले, अपिलात ते पुन्हा उभे राहिले आणि अखेर अॅबेलोव्ह निर्दोष सुटले. दरम्यान २०१८ च्या निवडणुकीत त्यांचे पद गेलेच होते.

मतपेटी हाच आजवर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय आहे. शिकागोत लक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर सोळा गोळ्या झाडणाऱ्या पोलिसावर आरोप ठेवायला तिथल्या मुख्य सरकारी वकील अनिता अल्व्हारेझ यांनी तेरा महिने घेतले, आणि तेही न्यायालयाने व्हिडिओ खुला करण्याचा आदेश दिल्यावर. क्लीव्हलंडमध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसच्या प्रकरणात सरकारी वकील टिमथी मॅकगिंटी यांनी आरोप न ठेवण्याची शिफारस केली. दोघेही १५ मार्च २०१६ या एकाच दिवशी पक्षांतर्गत निवडणूक हरले. मॅकलॉक २०१८ मध्ये हरले. मात्र मतदार बहुमताने बोलतो, आणि मृताचा समाज त्या काउंटीत अल्पसंख्य असेल तर या उपायाची धार जाते.

म्हणून काही राज्यांनी निर्णयच स्थानिक वकिलाकडून काढून घेतला. न्यू जर्सीने २०१९ मध्ये असा कायदा केला. मिनेसोटात जॉर्ज फ्लॉइड खटल्याची सूत्रे अॅटर्नी जनरल कीथ एलिसन यांच्याकडे गेली आणि २०२१ मध्ये फ्लॉइडचा जीव घेणारा पोलीस डेरेक शॉविन दोषी ठरला. न्यूयॉर्कने २०२१ पासून, मृत व्यक्ती शस्त्रधारी असो वा निःशस्त्र, पोलिसांमुळे झालेल्या मृत्यूंचा तपास अॅटर्नी जनरलच्या विशेष शाखेकडे दिला. आरोप ठेवला नाही, तर का ठेवला नाही याचा अहवाल जाहीर करणे तिथे बंधनकारक आहे.