मायक्रोसॉफ्ट–ओपनएआय भागीदारी

मायक्रोसॉफ्ट ही सॉफ्टवेअर कंपनी आणि सॅन फ्रान्सिस्को येथील ओपनएआय ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी संस्था यांच्यात जुलै २०१९ मध्ये सुरू झालेले आर्थिक व तांत्रिक सहकार्य. ओपनएआयची स्थापना डिसेंबर २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून झाली होती; परंतु मोठ्या भाषा मॉडेलांसाठी (प्रचंड मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकप्रणालींसाठी) लागणारी संगणनशक्ती देणग्यांच्या बळावर उभी राहणे अवघड असल्याने तिने २०१९ मध्ये मर्यादित नफ्याची (गुंतवणूकदारांच्या परताव्यावर कमाल मर्यादा असलेली) उपकंपनी काढली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ अब्ज डॉलर गुंतवले.

या व्यवहाराचे मर्म रोकड रकमेपेक्षा संगणनशक्तीत आहे. ओपनएआयने आपली मॉडेले मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ या क्लाउड सेवेवरच (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवरच) चालवायची, असे ठरल्यामुळे गुंतवणुकीचा मोठा वाटा शुल्करूपाने मायक्रोसॉफ्टकडेच परत येई. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या, खास ओपनएआयसाठी उभारलेल्या महासंगणकात २,८५,००० हून अधिक सीपीयू कोअर (मुख्य प्रक्रियकातील गणना करणारे घटक) आणि १०,००० जीपीयू (एकाच वेळी असंख्य गणिते करणाऱ्या चिप) होते. मोबदल्यात मायक्रोसॉफ्टला ही मॉडेले स्वतःच्या उत्पादनांत वापरता आली. प्रोग्रॅमिंगचा कोड सुचवणारे गिटहब कोपायलट (२०२१) आणि बिंग या शोधयंत्रातील संवादी शोध (२०२३) ही त्याची ठळक फळे होत.

मालकी नसतानाही प्रभाव किती चालतो, याची खरी कसोटी नोव्हेंबर २०२३ मध्ये लागली. १७ तारखेला ओपनएआयच्या संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना पदावरून दूर केले, तेव्हा त्या मंडळावर मायक्रोसॉफ्टचा एकही प्रतिनिधी नव्हता. मात्र मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी ऑल्टमन आणि ओपनएआयचे सहसंस्थापक ग्रेग ब्रॉकमन यांना आपल्याकडे घेण्याचे जाहीर केले, मंडळ पायउतार न झाल्यास आपणही तिकडे जाऊ अशा पत्रावर ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या, आणि काही दिवसांतच ऑल्टमन परतले. मताधिकारापेक्षा संगणक आणि नोकऱ्या पुरवण्याची ऐपत येथे अधिक वजनदार ठरली, असेच म्हणावे लागते. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने मार्च २०२५ मध्ये हा प्रभाव मान्य केला, पण ते प्रत्यक्ष नियंत्रण नसल्याने विलीनीकरणाच्या नियमांखाली चौकशी करता येत नाही, असा निर्णय दिला.

ओपनएआयच्या ऑक्टोबर २०२५ मधील फेररचनेत मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के हिस्सा आला. ओपनएआयने अझुरची २५० अब्ज डॉलरची सेवा घेण्याचे मान्य केले, तर संगणनशक्ती पुरवण्याचा मायक्रोसॉफ्टचा अग्रहक्क संपला. मानवी क्षमतेच्या तोडीची सर्वसाधारण कृत्रिम बुद्धिमत्ता साध्य झाल्याचा दावा ओपनएआयने केल्यास स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने त्याची पडताळणी करावी, हे कलमही त्याच करारात आले.