भोक वेगळं, ब्लॉकेज वेगळं

‘लहानपणी हार्टला होल होतं, ऑपरेशन झालंय. कोलेस्टेरॉल नॉर्मल, अँजिओग्राफी क्लिअर, म्हणजे आता टेन्शन नाही.’ हे ऐकलं की मला कपाळावर हात मारावासा वाटतो. तपासलं एक आणि निर्धास्त झाले दुसऱ्याबद्दल!

ब्लॉकेज कुणाला समजावून सांगायला नको. चरबी, तंबाखू, डायबेटिस, मग स्टेंट नाहीतर बायपास. जन्मजात दोष म्हणजे गर्भातच हृदयाची घडण चुकलेली असते. 1000 बाळांमागे साधारण 8-9 जणांना तो असतो. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो ऑपरेशननंतर.

‘फॅलोज टेट्रालॉजी’ घ्या. रडताना ओठ निळे पडणारी बाळं, त्यांच्यात नेहमी सापडणारा दोष. दुरुस्तीची शस्त्रक्रिया 1954 पासून होते आहे. सर्जन खालच्या दोन कप्प्यांमधल्या भोकावर पॅच लावतो आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतो. ती रुंद करताना तिथली झडप बहुतेकदा नीट मिटेनाशी होते. मग दर ठोक्याला थोडं रक्त खालच्या उजव्या कप्प्यात परत येतं. पोराला काही जाणवत नाही. शाळा होते, नोकरी लागते, आणि तो कप्पा मात्र वीस-तीस वर्षं ताणला जात असतो. विचारलं तर म्हणतो, ‘काही त्रास नाही.’ जिना चढताना इतरांना किती कमी दम लागतो हे त्याला ठाऊकच नसतं! पुढे एक दिवस धडधड सुरू होते, किंवा झीट येते. जुन्या टाक्यांच्या व्रणाभोवती ठोक्यांची लय बिघडते आणि ती जिवावरही बेतू शकते.

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, यातलं काहीही दिसत नाही. अँजिओग्राफी रक्तवाहिन्या बघते. गळकी झडप तिचा विषयच नव्हे. इथे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी हवी, उजवा कप्पा मोजायला एमआरआय हवा. ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची वीज खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, 180 मिलिसेकंदांच्या पुढे गेला असेल तर डॉक्टर सावध होतात. झडप बदलता येते, अनेकांना जांघेतल्या शिरेतूनही. पण कप्पा फार फुगल्यावर बदलली तर तो पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून त्रास नसतानाही तपासणी हवी. ‘संपूर्ण हृदय तपासणी’च्या स्वस्त पॅकेजवर माझा यासाठी काडीचा विश्वास नाही. जन्मजात दोषांचाच डॉक्टर गाठा.

सरसकट घाबरायचंही कारण नाही. वरच्या दोन कप्प्यांमधलं साधं भोक लहानपणीच बंद झालं असेल तर आयुष्य जवळपास इतरांसारखंच. तेच चाळिशीनंतर सापडलं, तर बुजवल्यावरही ठोके अनियमित राहू शकतात.

आणि जन्मजात दोष आहे म्हणून ब्लॉकेज टळत नाही. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, जन्मतःच आवळलेली असेल, तर ती मोकळी केल्यावरही बीपी चढं राहू शकतं, त्यातून ब्लॉकेजचा धोका वाढतो. अशा रुग्णांचं बीपी उजव्या दंडावर घ्यावं. डाव्या हाताची धमनी दुरुस्तीत वापरलेली असेल तर तिथला आकडा फसवा असतो.

ऑपरेशनची फाइल मात्र लग्न जमवताना कपाटात दडवली जाते ती कायमचीच. मुलगी गरोदर राहिली की डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात. ती शोधून तिची झेरॉक्स मुलाच्या-मुलीच्या हातात द्या.